मुकादमासाठी पंचवीस प्रश्न

मंगळवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळ.

मुकादमला डायबेटिस. आज कळलं. गेले पंधरा दिवस त्याचं पाण्याचं भांडं दिवसातून चार वेळा रिकामं होत होतं. मी भांड्यावर खापर फोडलं, गळतं म्हणून. मग भांडं टेस्ट केलं. गळत नव्हतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तशी आली होतीच, फक्त मी बोललो नाही.

बोका लेकीचा. ती सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला गेली तेव्हा माझ्या हवाली करून गेली. घरात बायको, सासूबाई आणि मी असे तिघे असताना तिने माझी निवड केली. (सासूबाई म्हणतात, तिने ‘सगळ्यांनी बघा’ असं म्हटलं होतं. असो.) २७ तारखेला ती परत येते. म्हणजे चोवीस दिवस. तोवर बोका ठणठणीत करायचा. मी मांजरांचा माणूस नाही, पण जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

गल्लीच्या टोकाला लाँड्री आहे, तिच्या माडीवर एक डॉक्टरीणबाई बसतात. बायको पुढे, पिंजरा घेऊन मी मागे. दवाखाना म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा (शेवटचा कधी तपासला कोण जाणे) आणि खालून येणारी इस्त्रीची वाफ. बाईंनी इन्सुलिनची बाटली दिली. डोस सकाळी दोन युनिट, संध्याकाळी दोन युनिट. केमिस्टकडून या बाटलीला चालते तीच सिरिंज घ्या म्हणाल्या. आणि पहिल्या इंजेक्शनच्या आधी मला आणून दाखवा म्हणाल्या.

मला. मापं तपासणाऱ्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं आहे. दुकानांतले तराजू, पेट्रोलपंपांची मापं, हॉस्पिटलांतले थर्मामीटर माझ्या सहीशिवाय वापरात येत नाहीत. मला ‘सिरिंज दाखवा’ म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती. हसून सोडून दिलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ७:०५.

पहिलं इंजेक्शन. यशस्वी. सिरिंज विकत आणायचा प्रश्नच आला नाही. सासूबाईंना वीस वर्षं डायबेटिस आहे, त्यांच्या कपाटात नारिंगी टोपणाच्या सिरिंजांचा खोका भरून पडलाय. सिरिंज ती सिरिंज. तरी सवयीप्रमाणे रेषा भिंगाखाली पाहिल्या. छपाई उत्तम, अंतरं समान. खोक्यावर लॅबचा हिरवा स्टिकर लावला, ‘तपासले. योग्य.’ खाली सही, तारीख.

सासूबाई म्हणाल्या, बाटली त्या बाईंची आणि सिरिंज माझी, चालतं का ते विचारलंत का. मी स्टिकर दाखवला.

शुगर (ग्लुकोमीटरही सासूबाईंचाच) ४३१. वजन ५.१४० किलो, माझ्या स्वतःच्या काट्यावर. अचूकता पाच ग्रॅम. नवी फाइल उघडली.

रविवार, ८ फेब्रुवारी.

शुगर ४२८. वजन ५.०२५. खातो भरपूर आणि वाळत चाललाय. कपाटावर उडी मारून तिथून घरावर देखरेख करायचा, म्हणून तर त्याचं नाव मुकादम. आज उडी मारली नाही. कपाटाकडे नुसतं बघत बसला.

मी विचार केला. डोस अचूक जातोय, वेळ मिनिटाला मिनिट पाळली जातेय, इंजेक्शन देणारा माणूस मापनाच्या क्षेत्रातला. मग उरलं कोण? डॉक्टर. बाईंना या विषयाची जाण नाही. उघड आहे.

निर्णय. जाणकार डॉक्टर शोधायचा. पण शास्त्रशुद्ध पद्धतीने.

सोमवार, ९ फेब्रुवारी.

प्रश्नपत्रिका तयार. पंचवीस प्रश्न. मांजराच्या स्वादुपिंडाचं सरासरी वजन, इन्सुलिनच्या रेणूत माणसात आणि मांजरात फरक किती, वगैरे. पासिंग ७० टक्के. उत्तरं इंटरनेटवरून काढून वेगळ्या पानावर लिहिली, ते पान लपवून ठेवलं. पेपर फुटता कामा नये.

बायको म्हणाली, तुम्ही डॉक्टर शोधताय की मुलीसाठी स्थळ बघताय. मी म्हटलं, स्थळाच्या बाबतीत एवढी घाई नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी.

न्याय म्हणून पहिली संधी लाँड्रीवाल्या बाईंनाच दिली. आठव्या प्रश्नावर म्हणाल्या, माहीत नाही, पुस्तकात बघून सांगते. पुस्तकात बघून कोणीही सांगेल. चौदाव्यावर म्हणाल्या, याचा तुमच्या बोक्याशी काय संबंध. आणि मध्येच, परीक्षा चालू असताना, विचारतात काय तर तुम्ही सिरिंज आणलीत का. पुन्हा तेच.

२५ पैकी ६. शेरा: ‘सिरिंजवरच अडकतात. मूलभूत ज्ञान नाही. बाद.’

निघताना त्यांनी मुकादमच्या मागच्या पायांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, फार दिवस घालवू नका. आवाज शांत होता. मला तो आवडला नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी.

काचेचा दवाखाना. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. सगळ्या भिंती काचेच्या, आत मशीनच मशीन. डॉक्टर तरुण, हुशार, पंधरा प्रश्न तर माझा प्रश्न पूर्ण होण्याआधीच सोडवले. २५ पैकी १९. पास.

त्यांनीही सिरिंजचा विषय काढला. म्हणाले, सिरिंज बाटलीला मॅच होते ना? मी माझं कार्ड पुढे केलं. ‘वरिष्ठ मापन अधिकारी’ वाचून म्हणाले, मग काही प्रश्नच नाही. याला म्हणतात प्रोफेशनल. डोस तीन केला. प्रतीक्षागृहातला काटा मात्र चाळीस ग्रॅम जास्त दाखवतो. त्यांना लेखी कळवणार आहे.

मुकादम परतीच्या बसमध्ये दोन वेळा पिंजऱ्यात शू करून ओला झाला. सतत ओरडत होता. एक बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. मी पिंजऱ्यावर माझा कोट टाकला आणि आत बोट घातलं, म्हणजे घालावं लागलं. त्याने बोट चाटलं. मग गप्प झाला.

शनिवार, १४ फेब्रुवारी.

शुगर ४०९. वजन ४.७९०. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालतो, पाय ओढत. सासूबाई म्हणतात, त्याच्या पायांतला जोर गेलाय. मी म्हटलं, वजन घटल्यामुळे चाल बदलली आहे, उगाच घाबरण्याचं कारण नाही. मग बाथरूममध्ये जाऊन मोबाइलवर वाचलं. वाचायला नको होतं.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, मुकादमचा चालतानाचा व्हिडिओ पाठवा. मी ऑगस्टमधला पाठवला, कपाटावर उडी मारतो तो. खोटं नव्हे ते. बोका तोच आहे. तिचा रिप्लाय, छान, पण पडदा जुना कसा. मी लिहिलं, धुवायला टाकलाय नवा.

रविवार, १५ फेब्रुवारी.

मोठा मासा गळाला लागला. विषयातले निवृत्त प्राध्यापक. फोन नंबर काचवाल्या डॉक्टरांनी दिला. तासभर बोलले. मी एकेक प्रश्न विचारायचो आणि ते उत्तर देऊन वर तीन गोष्टी सांगायचे. २५ पैकी २४. एक मार्क कापला, कारण शेवटी म्हणाले, जनावर पाहिल्याशिवाय डोस सांगणार नाही. म्हणाले, जवळचा डॉक्टर धरा, बाटली, सिरिंज, मीटर सगळं टेबलावर मांडा आणि त्यांच्यासमोर एक इंजेक्शन देऊन दाखवा. म्हणे निम्म्या केसेस तिथेच सुटतात.

तुमच्याच भागात माझी एक विद्यार्थिनी आहे, तिच्या बॅचमधली सगळ्यात बारकाईने बघणारी, असंही म्हणाले. पत्ता लिहून घेतला. लाँड्रीच्या वरची माडी.

प्राध्यापकांचं वय झालंय. विद्वान माणूस, पण माणसांची पारख राहिलेली नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी.

एका टप्प्यावर माणसाला कळतं की आपल्यापेक्षा जाणकार कोणी नाही. गेल्या आठवड्यात या विषयावर मी जेवढं वाचलंय तेवढं डॉक्टरांनी पाच वर्षांत वाचलं नसेल. प्रश्नपत्रिका मी स्वतः सोडवून पाहिली. २५ पैकी २५.

आजपासून डोस चार. बायकोला सांगितलं नाही. ती शाळेत दिवसभर चाळीस पोरांशी झुंजून येते, तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला.

बुधवार, १८ फेब्रुवारी.

शुगर ३५०. चारवर बरं दिसतंय. आजपासून पाच.

शुक्रवार, २० फेब्रुवारी.

२६२. दोनशे बासष्ट. मीटर दोनदा लावून पाहिला.

पाणी कमी पितोय. दुपारी स्वतःहून उन्हात जाऊन बसला आणि अंग चाटलं, दहा दिवसांत पहिल्यांदा. वजन ४.७१५, घसरण थांबली. पाच. मी म्हणत नव्हतो? बाई दोन म्हणत होत्या, काचवाले तीन. शेवटी कोणाचा आकडा लागू पडला? ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. कारण सांगितलं नाही. एका सहकाऱ्याला वाटलं मी रिटायर होतोय आणि त्याने मनापासून अभिनंदन केलं.

२७ तारखेची तयारी म्हणून एक निबंध लिहायला घेतला आहे, ‘मांजरांतील मधुमेह: एका मापनतज्ज्ञाचा दृष्टिकोन’. प्राध्यापकांना पाठवीन. चुका काढायला काहीतरी हवंच त्यांना.

सोमवार, २३ फेब्रुवारी.

२१८. काय बोलावं.

सासूबाईंनी कपाटाला कुलूप लावलं. म्हणतात, माझ्या सिरिंजा संपत आल्या, तुमच्या बोक्यासाठी तुम्ही आणा, आणि बायकोच्या हातात चिठ्ठी दिली. बायको शाळेतून येताना केमिस्टकडून नवा खोका घेऊन आली. केमिस्टने आधी बाटलीचा फोटो मागितला म्हणे. हल्ली सगळेच कागदपत्रं मागतात. नव्या सिरिंजांचं टोपण लाल आहे. कंपनी बदलली असणार. रेषा जरा लांब लांब आहेत, वाचायला सोप्या. चष्म्याच्या वयाला बऱ्या.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. सकाळी ७:१०.

शुगर १९६. नव्या सिरिंजने डोस दिला. पाच. औषध नेहमीपेक्षा जास्त भरल्यासारखं वाटलं. रेष आणि डोळा एका पातळीत नसले की असा भास होतो, त्याला पॅरॅलॅक्स म्हणतात. या विषयावर मी दोन व्याख्यानं दिली आहेत. आज तिसरं आहे, नव्या भरतीसाठी. विषय ‘मापनातील मानवी चूक’.

११:४५. टॅक्सीत.

सासूबाईंचा फोन. मुकादम दारुड्यासारखा झोकांड्या खात आला आणि भिंतीवर आपटला. आता आडवा आहे. पाय झटके देतायत. हाक मारली तर डोळे फिरवत नाही. मी व्याख्यान अर्ध्यात सोडलं. फळ्यावर ‘चूक कुठे होते’ एवढंच लिहून झालं होतं.

सासूबाई म्हणाल्या, मला माहितीये हे काय आहे, माझं दोनदा झालंय, साखर एकदम खाली गेली. बोटाने हिरड्यांना मध चोळतायत. मी म्हटलं, डोस बरोबर होता. त्यांनी फोन ठेवला.

११:५५. अजून सिग्नल. ड्रायव्हरला सांगितलं, घरी पेशंट आहे. त्याने विचारलं कोण. मी म्हटलं, मुलगा. का म्हटलं माहीत नाही.

संध्याकाळी ६:००.

घरी पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेल्या होत्या. फ्रिजवर त्यांचा नंबर बायकोने कधीपासून चिकटवून ठेवलाय. सासूबाईंनी फोन केला आणि बाई चालू दवाखाना सोडून चार मिनिटांत आल्या. मुकादम टॉवेलवर. पुढच्या पायात सुई, तिला सलाईन, सलाईनची बाटली सासूबाईंनी हातात उंच धरलेली. त्यांचा हात दुखत असणार, पण त्यांनी मला बाटली दिली नाही. मीटर लावला तेव्हा शुगर ३१ होती म्हणे.

मी काहीच केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं. टॉवेलच्या कडेला बसलो आणि त्याचा कान धरून ठेवला. कान गार होता. मला भीती वाटली. एवढी भीती मला माझ्या बायपासच्या वेळीही वाटली नव्हती.

सव्वा एकला त्याने डोकं उचललं. बाई त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या, उद्यापर्यंत डोळ्यांसमोर ठेवते म्हणाल्या. जाताना म्हणाल्या, उद्या येताना बाटली आणा, सिरिंज आणा, दोन्ही खोके आणा, सगळं आणा.

बायकोने त्यांना माझी फाइल देऊन टाकली. मी पाहिलं तोवर फाइल जिन्यावरून खाली गेली होती. त्यात मार्कांचे कागद होते.

बुधवार, २५ फेब्रुवारी. सकाळ.

आहे. उठून बसला. मला बघून तोंड फिरवलं. आहे पण.

बाईंनी टेबल पुसलं आणि माझ्याकडून सगळं मांडून घेतलं. म्हणाल्या, बाटलीवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. वाचलं. चाळीस. म्हणाल्या, आता नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर वाचा. वाचलं. शंभर. लाल टोपणाची? चाळीस. खाली कोणीतरी इस्त्री आपटत होतं.

बाईंनी समजावलं नाही, माझ्यापुढे कागद ठेवला. मीच मांडलं. बाटली चाळीसच्या ताकदीची, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये चाळीस युनिट. सासूबाईंची सिरिंज शंभरच्या औषधासाठी, तिच्या एका मिलीलिटरला शंभर बारीक रेषा. तिच्यावर दोन रेषा भरल्या की अंगात गेलं एक युनिटही नाही. पंधरा दिवस बोका अपुऱ्या औषधावर होता. लाल सिरिंज बरोबर होती, पण तोवर मी आकडा पाचवर नेऊन ठेवला होता. तिच्यावर पाच म्हणजे खरे पाच.

मग बाईंनी पेन्सिलने एका ठिकाणी गोल केला. नारिंगी सिरिंजवरच्या पाच रेषा. हिशेब मांडा म्हणाल्या. मांडला. दोन युनिट.

म्हणजे २० तारखेचे दोनशे बासष्ट त्यांच्या डोसाचे होते. ज्या चहाने मी सगळ्यांना खूश केलं तो त्यांच्या नावावरचा होता.

खोक्यावरच्या हिरव्या स्टिकरकडे त्यांनी पाहिलं. फाइल परत केली. सगळी वाचली होती, हे कळत होतं, कारण मार्कांचे कागद व्यवस्थित वर ठेवले होते, त्यांचा ६ वाला सगळ्यात वर. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, वजनाच्या नोंदी फार चांगल्या ठेवल्यात, त्या मला उपयोगी पडतील.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विचारलं, पाय? म्हणाल्या, वेळ लागेल, पण उशीर झालेला नाही. मग जिन्यात उतरताना मला बसावं लागलं. लाँड्रीवाल्याने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, बोका गेला. मी म्हटलं, नाही, आहे. दोनदा म्हटलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. संध्याकाळ.

लेक आली. मुकादम पाय ओढत दारापर्यंत गेला आणि तिच्या बॅगेवर चढायचा प्रयत्न केला. अर्धा चढला. तिने त्याला उचललं आणि बराच वेळ त्याच्या मानेत तोंड घालून उभी राहिली.

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. भांड्यापासून. ती म्हणाली, बाबा, माहितीये सगळं, आजी रोज फोन करत होती. मी विचारलं, ऑगस्टचा व्हिडिओसुद्धा? ती म्हणाली, तो तर मीच काढलेला होता ना.

नवी व्यवस्था लागू झाली आहे. डोस सासूबाई भरतात. मी बाटली आणि सिरिंज हातात घेऊन मोठ्याने वाचतो, चाळीस, चाळीस, आणि सासूबाई मान हलवेपर्यंत थांबतो. इंजेक्शन बायको देते. माझ्याकडे मुकादमला धरून ठेवण्याचं काम आहे. बाई म्हणाल्या, तो तुमच्याकडे शांत राहतो. तसं त्यांनी खरंच म्हटलं, बायको साक्षीदार आहे.

प्रश्नपत्रिका काढली. बाईंचे मार्क सुधारून २५ केले. लॅबमध्ये एक नियम आहे, सदोष काट्याने केलेल्या सगळ्या नोंदी रद्द धरायच्या. त्यामुळे २५ सुद्धा खोडले. निबंध टाकून दिला. मागची बाजू कोरी आहे, वजनं लिहायला होईल.

मग जुन्या खोक्यावरचा हिरवा स्टिकर नखाने खरवडून काढला. नियमानुसार तिथे लाल लावायचा असतो, ‘नापास. वापरू नये.’ पण सिरिंजांत काही दोष नव्हता. सासूबाईंसाठी त्या बरोबरच आहेत. लाल स्टिकर बोटावर घेऊन मी घरभर बघत राहिलो, कशाला लावावा. लेकीने तो माझ्या बोटावरून काढला आणि माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवला, वरून हाताने दाबून नीट बसवला.

काढणार होतो. पण सात वाजले होते आणि मुकादमला धरायचं होतं. वजन ४.७३०. पंधरा ग्रॅम वाढ.